खर्ज राखून रंग

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी मार्टी रॉबिन्स या लोकप्रिय गायकाच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असता मुद्रणयंत्राच्या एका वाहिनीतील रोहित्राने दगा दिला, आणि ग्रेडी मार्टिन हा निष्णात वादक सहा तारांच्या बेस गिटारवर जो एकल तुकडा वाजवीत होता, तो आपल्या स्वाभाविक गोल, गंभीर नादात न उमटता फाटक्या, गुरगुरत्या आवाजात फितीवर उतरला. तो तुकडा पुन्हा मुद्रित करावा की आहे तसा ठेवावा, याचा खल होऊन अखेर तो तसाच ठेवण्यात आला. १९६१ साली गीत बाजारात आले आणि तो विचित्र आवाज लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग त्या बिघाडाचे मर्म शोधून तोच परिणाम ट्रान्झिस्टरांच्या साह्याने हुकमी साधणारे मंडल सिद्ध केले, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने, पायाने दाबावयाच्या पेटीच्या रूपात विक्रीस काढले. पुढे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये हीच पेटी वाजली आणि ती सर्वस्वी गिटारवाल्यांची होऊन गेली; तिचा जन्म खर्जाच्या वाद्यावर झाला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

हे असे एकदाच घडले असते तर तो योगायोग म्हणता आला असता. परंतु लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' हे वाद्य बाजारात आणल्यावर त्याच्यासाठी म्हणून १९५२ मध्ये जो 'बेसमन' हा ॲम्प्लिफायर काढला, त्याचीही तीच गत झाली: त्याची पुढची आवृत्ती गिटारवादकांनी आपलीशी केली आणि इंग्लंडात जिम मार्शल यांनी तिच्याच आराखड्यावर आपला पहिला ॲम्प्लिफायर उभारला, ज्यातून पुढे रॉक गिटारचा सारा गडगडाट निघाला. बेस वाजविणाराच्या वाट्याला यानंतर पुष्कळ वर्षे आले ते गिटारसाठी घडविलेल्या यंत्रांवर कसेबसे भागवून नेणे. आज परिस्थिती पालटली आहे, बेससाठी स्वतंत्र रचलेली शेकडो पेडल्स दुकानांत मिळतात. पण त्यामुळे निवडीचा प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच बिकट झाला आहे. नवशिका विद्यार्थी यंत्राच्या गुणांची जाहिरात वाचतो आणि ते आपल्या आवाजात काय भर घालील याचाच विचार करतो. माझ्या मते बेसवादकाने प्रश्न उलटा विचारावा: हे यंत्र माझ्यापासून काय हिरावून घेणार आहे?

या उलट्या प्रश्नाचे कारण वाद्याच्या प्रकृतीतच आहे. बेस गिटारची सर्वांत जाड ई तार मोकळी छेडली म्हणजे सेकंदास सुमारे ४१ कंपने होतात. तिच्यावरच्या ए, डी आणि जी या तारांची कंपने अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ इतकी असतात. आणि पाच तारांच्या बेसवर जी आणखी खालची बी तार असते, ती तर ३१ च्या घरात जाते. मनुष्याचा कान या प्रदेशात मोठा मंद आहे. मध्यसप्तकातील स्वर जितक्या शक्तीने सहज ऐकू येतो, त्याच्या कित्येक पट शक्ती या खालच्या स्वरांना खर्चावी लागते, आणि ती शक्ती हवेत उतरविण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा हलवावी लागते. परंतु निसर्गाने एक सवलतही ठेवली आहे. कोणताही तंतुस्वर एकटा येत नाही; मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर त्याच्यासोबत येतात, आणि मूळ स्वर जवळजवळ ऐकू आला नाही तरी या परिवारावरून आपला मेंदू त्याची कल्पना करून घेतो. खिशातल्या फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा स्वर मुळीच बाहेर पडत नसताही गाण्यातला बेस आपल्याला कळतो, तो या सवलतीमुळे. फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन अशी नावे धारण करणारी यंत्रे मुळात हेच करतात: तरंगाचे शिखर कापून उपस्वरांची संख्या वाढवितात. म्हणून थोडीशी खरखर मिसळलेला बेस लहान स्पीकरवर आणि गजबजलेल्या वाद्यमेळात अधिक स्पष्ट उठून दिसतो. ती खरखर पुष्कळदा ऐकणाराला खरखर म्हणून जाणवतही नाही.

मग गिटारचे पेडल बेसला लावले की बिघडते कोठे? तर त्याच्या पोटात. गिटारच्या खालच्या स्वरांमुळे आवाज चिखलट होऊ नये म्हणून अशा पेडलांचे रचनाकार मंद्र भाग मुद्दाम छाटून टाकतात. आयबानेझचे 'ट्यूब स्क्रीमर' हे १९७९ पासूनचे सुप्रसिद्ध हिरवे पेडल घ्या. त्याचा तरंग कापणारा टप्पा ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला उत्तरोत्तर कमी उचलतो. गिटारला ही रचना अमृतासमान. बेसचा मात्र मूळ स्वर आणि त्याचे पहिले कित्येक उपस्वर या मर्यादेच्या खालीच नांदत असतात. परिणामी पेडल दाबताच वादकाला स्वतःचा आवाज भरदार, तिखट झाल्याचा भास होतो, आणि त्याच क्षणी सभागृहात सर्व वाद्यमेळाखालचा आधार निघून गेल्यासारखे होते. यावरचा उपाय साधा आहे. बेससाठी रचलेल्या चांगल्या ओव्हरड्राइव्हवर 'ब्लेंड' नावाचा एक नॉब असतो. तो मूळ स्वच्छ आवाज आणि रंगविलेला आवाज यांचे प्रमाण ठरवितो. खर्ज स्वच्छ वाहिनीतून अबाधित जातो, खरखर त्याच्या वरून तरंगते. बेससाठी खरखर उत्पन्न करणारे पेडल विकत घ्यावयाचे असेल, तर त्यावर हा नॉब आहे की नाही हे प्रथम पाहावे आणि नसेल तर सबळ कारणावाचून पुढे जाऊ नये. सबळ कारणे असतात, हेही मान्य केले पाहिजे: इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या 'बिग मफ'ची जी आवृत्ती १९९० च्या दशकात रशियात बनत असे, तिच्यात असा नॉब नसूनही तिचा मंद्र भाग इतका उदार आहे की बेसवाले अद्याप तिचा माग काढीत फिरतात, आणि म्यूझ या इंग्रजी वाद्यवृंदाच्या ख्रिस वुल्स्टनहोमने फझचा आवाज हाच आपल्या बेसचा मुख्य आवाज करून दाखविला आहे. मात्र तेथे गिटारवादक एकच आणि मोकळी जागा पुष्कळ. तीन गिटारी, कीबोर्ड आणि ढोलकी यांच्या दाटीत तो प्रयोग करणाराने वाद्यमेळातील इतरांची संमती घेतलेली बरी.

ॲम्प्लिफायरसंबंधी आपल्याकडे अजून वॉटच्या आकड्याचा मोठा दबदबा आहे. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॉटचा 'एसव्हीटी' काढला, तेव्हा त्या आकड्याने खळबळ उडाली होती, आणि ती योग्यही होती. पण त्या यंत्राच्या चौदा नळ्यांच्या डोक्याला आणि दहा इंची आठ स्पीकरांच्या कपाटाला उचलावयास माणसे लागत. आजचे क्लास-डी पद्धतीचे ५०० वॉटचे डोके खांद्यावरच्या पिशवीत मावते. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की वॉट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. वाढतो तो तीन डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम जाणवण्याइतका, आणि दुप्पट मोठा वाटावयास सुमारे दहापट वॉट लागतात. तेव्हा ३०० ऐवजी ५०० वॉटसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या कपाटात घालणे शहाणपणाचे. कपाटाच्या पाठीवर लिहिलेला ओहमचा आकडा मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावा: आठ ओहमची दोन कपाटे समांतर जोडली की चार ओहम होतात, आणि डोक्यावर लिहिलेल्या किमान मर्यादेखाली हा आकडा गेला तर यंत्र जळण्याची पाळी येते. नळ्यांचा ॲम्प्लिफायर स्पीकर जोडल्यावाचून चालू करणे हाही असाच महागात पडणारा प्रमाद आहे.

तथापि महाराष्ट्रातील बहुतेक होतकरू वादकांना मोठ्या ॲम्प्लिफायरची खरोखर गरज असते का, याविषयी मला शंका आहे. गणेशोत्सवातील मांडव, महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, नाट्यगृहातील वाद्यवृंदाचा कार्यक्रम, या सर्व ठिकाणी बेसचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचतो तो साउंडवाल्याच्या स्पीकरांतून. मंचावरचा ॲम्प्लिफायर केवळ वादकाच्या समाधानासाठी. साउंडवाल्याकडे आवाज सुखरूप पोहोचविणारी जी छोटी पेटी, तिला डीआय बॉक्स म्हणतात. बेसच्या पिकअपमधून निघणारा क्षीण, उच्च अवरोधाचा संदेश लांब केबलमधून जाताना मार्गात गोंगाट गोळा करतो आणि आपला तजेला गमावतो. डीआय त्याचे रूपांतर नीच अवरोधाच्या, संतुलित संदेशात करते, आणि मग तो पन्नास-पाऊणशे फूट बिनतक्रार जातो. या मार्गाला कमी लेखण्याचे कारण नाही. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य मुद्रणांवर जेम्स जेमर्सन या थोर वादकाचा जो बेस ऐकू येतो, तो पुष्कळ अंशी मुद्रणयंत्राला थेट जोडून घेतलेला आहे. वाद्य फेंडरचे, तारा जुन्या, सपाट वेष्टनाच्या, आणि छेडणारे बोट एकच. १९९४ मध्ये टेक २१ कंपनीने 'सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर' काढून डीआयच्या पोटातच ॲम्प्लिफायरच्या रंगाचा आभास बसविला, आणि तेव्हापासून एका हातात मावणारी ही पेटी घेऊन कार्यक्रमाला जाणारा वादक साउंडवाल्याच्या कृपेवर पूर्वीइतका अवलंबून राहिला नाही.

येथे आपल्या देशातील एका खास उपद्रवाचा उल्लेख केला पाहिजे. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा आहे, आणि मांडवातील अर्थिंग कच्चे असले की नेमकी हीच घरघर स्पीकरांतून येते. आता बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा, आणि मोकळी जी तार ९८ ची. म्हणजे घरघर आणि तिची दुप्पट या दोघी बेसच्या एका नेहमीच्या स्वराला अगदी खेटून बसतात, आणि गाणे जी स्वरावर आधारलेले असेल तर बेस किंचित बेसूर लागल्याचा भ्रम होतो. अमेरिकेत प्रवाह ६० आवर्तनांचा असल्याने तेथील घरघर बी-फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये पडते, आणि तिकडची पुस्तके वाचून इकडचा दोष सापडत नाही. हा स्वर कापून काढण्याच्या नादाला लागू नये, कारण घरघरीबरोबर जीही जाईल. डीआयवर 'ग्राउंड लिफ्ट' असे लिहिलेली एक कळ असते. ती प्रथम दाबून पाहावी. प्लगाची तिसरी, अर्थिंगची पिन मोडून घरघर घालविण्याची जी घातक वहिवाट काही ठिकाणी रूढ आहे, तिच्या वाटेस मात्र कोणीही जाऊ नये. तिच्यात जीव जाण्याचा संभव असतो.

आता पेडलांची रांग. पहिले स्थान ट्यूनरचे, आणि त्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. तो पायाशी असावा आणि दाबला की आवाज बंद व्हावा, इतके पुरे. दुसरे कॉम्प्रेसरचे, आणि याविषयी मात्र लिहिलेच पाहिजे, कारण इतके उपयुक्त आणि इतके गैरसमजात गुरफटलेले दुसरे यंत्र नाही. जोराने वाजलेला स्वर दाबणे आणि त्यायोगे हळू वाजलेल्या स्वराला त्याच्या जवळ आणणे, हे त्याचे कार्य. उंबरठा, म्हणजे थ्रेशोल्ड, ओलांडून आठ डेसिबल वर गेलेला स्वर चारास एक या प्रमाणाने दाबला की दोन डेसिबलच वर राहतो. अंगठ्याने तार आपटून वाजविण्याच्या स्लॅप पद्धतीत, जेथे एक स्वर बंदुकीसारखा उडतो आणि पुढचा ऐकूच येत नाही, तेथे कॉम्प्रेसर हवाच. पण त्याचा 'अटॅक' हा नॉब फार चपळ ठेवला तर स्वराच्या आरंभीचा बोटाचा आघातच तो गिळून टाकतो, आणि वादक, प्रत्येक स्वर स्पष्ट वाजवूनही, गादीवर हात मारल्यासारखा ऐकू येतो. अटॅक थोडा सैल ठेवावा, आघात निसटू द्यावा, आणि मग झडप घालावी. ज्या कॉम्प्रेसरवर दाब किती पडतो ते दाखविणारे दिवे असतात, एमएक्सआरच्या बेस कॉम्प्रेसरवर आहेत तसे, तो विद्यार्थ्याने घ्यावा. कानाला जे अद्याप कळत नाही ते डोळे शिकवितात.

यानंतर येतात ती रंगाची यंत्रे, आणि तेथे प्रत्येकाची अभिरुची वेगळी. बॉसचे १९८२ चे 'ओसी-२' हे ऑक्टेव्ह पेडल वाजविलेल्या स्वराखाली एक आणि दोन सप्तके उतरून छायास्वर निर्माण करते, आणि पिनो पलाडिनोने आपल्या बिनपडद्यांच्या बेसला त्याची जोड देऊन एक अख्खी शैली घडविली. परंतु मोकळी ई तार वाजवून त्याखालचे सप्तक मागणे म्हणजे २० हर्ट्झ मागणे. ते बहुतेक कपाटांना देता येत नाही आणि कानाला घेता येत नाही, शिवाय यंत्र स्वतःच तेथे गोंधळून अडखळते. हे पेडल सातव्या पडद्याच्या वर वाजवावे. बूट्सी कॉलिन्सच्या फंक शैलीमुळे गाजलेले 'म्यू-ट्रॉन ३' हे १९७२ चे यंत्र आणि त्याचे सर्व वंशज, म्हणजे एन्व्हलप फिल्टर, बोटाच्या जोराप्रमाणे उघडझाप करतात. म्हणून ते कॉम्प्रेसरच्या आधी जोडावेत. कॉम्प्रेसर आधी आला की सारे स्वर सारख्या जोराचे होतात आणि फिल्टर मुखस्तंभासारखा बसून राहतो. कोरस आणि डिले सर्वांत शेवटी, आणि त्यांचा वापर जपून, कारण पसरलेला खर्ज म्हणजे पुष्कळदा हरवलेला खर्ज.

या सर्वांना लागणारी वीज हा खरेदीच्या वेळी हटकून विसरला जाणारा भाग. बहुतेक पेडल्स नऊ व्होल्टची, मध्यावर ऋण टोक असलेली; पण जुन्या धर्तीच्या काही फझ पेट्या याच्या उलट असतात, आणि चुकीचा अडॅप्टर लावला तर यंत्र तत्काळ निकामी होऊ शकते. प्रत्येक पेडलवर किती मिलिअँपिअर लागतात ते लिहिलेले असते. डिजिटल पेडल्स शंभर-दोनशे किंवा त्याहून अधिक खातात, आणि एकाच अडॅप्टरवरून शेपटाशेपटाने पाच पेडल्स चालविली की शिट्टीसारखा गोंगाट सुरू होतो. प्रत्येक वाट स्वतंत्र, म्हणजे आयसोलेटेड असलेला वीजपुरवठा दिसावयास नीरस आणि किमतीने चढा. तरी तिसरे पेडल घेण्याच्या आधी तो घ्यावा. अमेरिकेतील आप्ताकरवी मागविलेला अडॅप्टर ११० व्होल्टचाच तर नाही ना, हे आपल्या २३० व्होल्टांच्या भिंतीत खोचण्यापूर्वी वाचावे.

ही सारी यादी वाचून छाती दडपलेल्या विद्यार्थ्याला मी एक सोपी वाट सुचवितो. झूमच्या 'बी१ फोर'सारखे एकच बहुगुणी यंत्र घ्यावे. त्यात वर सांगितलेले सर्व प्रकार, ट्यूनर आणि तालाचा ठेका एकत्र असतात, आणि त्यांचा दर्जा शिकण्याच्या कामी मुळीच कमी नाही. जाणकार मंडळी अशा यंत्रांकडे नाक मुरडून पाहतात; त्यांनी पाहावे. वर्षभर त्यावर हात फिरविल्यावर आपण कोणता परिणाम खरोखर वापरतो आणि कोणता केवळ शेजाऱ्याला ऐकविण्यापुरता, हे आपोआप उघड होते, आणि मग तेवढाच परिणाम स्वतंत्र, उत्तम पेडलच्या रूपात घेता येतो. फिनलंडच्या डार्कग्लासपासून खुद्द मुंबईत पेडल्स घडविणाऱ्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनपर्यंत निवडीला तेव्हा वाव भरपूर आहे. मुंबईला या वाद्याची परंपरा काही उपरी नाही: राहुल देव बर्मन यांच्या वाद्यमेळात टोनी वाझ यांचा बेस होता, आणि याच शहरात वाढलेली मोहिनी डे आज जगभरच्या मंचांवर वाजविते आहे.

खरेदीला जाताना स्वतःचे वाद्य आणि स्वतःची केबल न्यावी; दुकानातल्या दुसऱ्या बेसवर केलेली परीक्षा परीक्षाच नव्हे. पेडलचे सर्व नॉब मध्यावर ठेवावेत. मग पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी अगदी सारखी होईपर्यंत 'लेव्हल' हा नॉब फिरवावा, कारण किंचित मोठा आवाज प्रत्येकाला अधिक चांगला वाटतो आणि दुकानदार हे ग्राहकापेक्षा चांगले जाणतो. त्यानंतर द्रुतगतीचे कौशल्य न दाखविता मोकळी ई तार एकदाच छेडावी आणि ती विरेपर्यंत ऐकावी. पुन्हा पेडल दाबून छेडावी. दुसऱ्या वेळी पोटात जाणवणारा भाग नाहीसा झाला असेल, तर ते पेडल कितीही नामांकित असो, परत द्यावे. हीच परीक्षा कोणी सोबत ड्रम किंवा दुसरी गिटार वाजवीत असता करता आली तर सोन्याहून पिवळे, कारण खोलीत एकट्याने मोहक वाटणारा आवाज मेळात बुडतो आणि एकट्याने ओबडधोबड वाटणारा तरून जातो.

आणि पैसे खर्च करण्यापूर्वी तारा नव्या घालून पाहाव्यात. आवाज मेला म्हणून नवीन पेडल शोधीत आलेल्या वादकाच्या बेसवर पुष्कळदा दोन वर्षांच्या घामेजलेल्या तारा असतात, किंवा वाद्य ॲक्टिव्ह असेल तर त्याच्या पाठीतली नऊ व्होल्टची बॅटरी संपत आलेली असते. केबल वाद्यात खोचलेली राहिली की ती बॅटरी, कोणी वाजवीत नसताही, झिजत राहते. तेव्हा वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवावी.